नवतपा

यंदा टाकीही बदलली.
मोटर गेली त्या साली आई गेली,
पंखा त्याच्याही आधी.
वाळ्याच्या ताट्या तर दर एप्रिलात नव्या.
तरी घरात सगळे म्हणतात : बाबांचा कूलर.

जुनं सामान धकाते मिस्त्री न्यायचे.
"भंगार आहे भाऊ, काय करता ठेवून?"
बरोबरच होतं. दिलं.

काल सत्तेचाळीस. पंप अडला.
ते फोन उचलेनात, म्हणून भरदुपारी
डोक्याला दुपट्टा बांधून पाचपावलीला गेलो.
गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं :
घर्र, घर्र,
आणि मधेच तो खोकल्यासारखा टक्,
ज्याच्यावर बाबा झोपेत कूस बदलायचे.

खिडकीशी हिरवी टाकी,
मी क्रिकेटच्या बॉलनं पाडलेला पोचा,
ब्रशचे ओघळ बाबांच्या हातचे.
समोर चटईवर मिस्त्रींची नात,
तोंड उघडं, कपाळावर केस भुरभुरत.

"येतो न भाऊ. पोरगी उठू द्या जरा."

उंबऱ्यावर बसलो.
ओल्या वाळ्याचा वारा इथपर्यंत येत होता.
घरी बाबांचा कूलर
कोरा करकरीत
बंद पडून होता.
मला काही घाई नव्हती.