जोत्याची उंची

नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्याकडं.
पिंपं, घागरी, डाळीचे रिकामे डबे
रात्री अडीचला उठून भरायचे.
अशा गल्लीत
मल्लिनाथ हत्तरकी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून विचारतो,
"पुराचा विमा म्हणालात ना, वहिनी?"
आणि शेजारची पोरं हसतात.
सोलापुरात पूर!
टँकरमागं धावणाऱ्यांना पूर!

फॉर्मवर पहिलाच प्रश्न: घरापासून नदी किती लांब?
नवरा म्हणाला, सीना? लई लांब. लिहा लांब.
खोटं नव्हतं.
नाल्याला रकानाच नव्हता.
आमच्या भिंतीपासून सव्वीस पावलांवरचा नाला,
त्याला आम्ही नालासुद्धा म्हणत नाही,
नुसतं 'मागं' म्हणतो.
मागं टाक. मागं खेळू नको.

हणमक्का ओट्यावर विड्या वळत होती.
बोटं न थांबवता म्हणाली,
"प्लॉट पडायच्या आधी हितं बाभळी होत्या की ओ.
फांद्यांत वाळकं गवत अडकलेलं,
माझ्या डोक्याच्या वर एक हात.
मला वाटायचं, पाखरांची घरटी.
लई वर्षांनी कळालं,
घरटी अशी एका रेघेत नसत्यात."

मल्लिनाथनं हे कुठंच लिहिलं नाही.
पण टेप काढला, जोतं मोजलं.
सात इंच.
बांधलं तेव्हा तीन पायऱ्या होत्या, मी म्हणाले,
आता एक.
दर निवडणुकीआधी डांबराचा एक थर;
रस्ता चढत गेला,
आम्ही होतो तिथंच राहिलो
आणि तिथंच राहून खाली गेलो.

"आधी कधी पाणी शिरलं होतं?"
नवरा पंख्याकडं बघत म्हणाला, "छे."
भिंत पोपटी आहे आमची, दिवाळीत दोन हात मारलेली.
रंगानं भिंत गप्प बसली.
माग गप्प बसत नाही.
मी टॉवेलांचा गठ्ठा सरकवला
आणि मागाचा लोखंडी पाय दाखवला:
गुडघ्याखाली चार बोटं,
गंजाची सरळ रेघ.
परवाच्या साली नाही, त्याच्या आदल्या साली.
रात्री दोनच तास.
सुताच्या तीन गोण्या गेल्या, मोटर गेली.
नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं,
ताणा तुटल्यावर बघतो तसं.

हप्ता वाढंल, मल्लिनाथ म्हणाला.
वाढू दे.
खोटं लिहिलेला कागद
पाणी यायच्या आधीच भिजलेला असतो.

मग त्यानं बोट फिरवत वाचून दाखवलं.
भिंती, पत्रे, दारं या रकान्यात.
कपाट, फ्रिज, भांडी त्या रकान्यात, त्याचे पैसे वेगळे.
तुंबलेलं पाणी धरलंय का, मी दोनदा विचारलं,
कारण आमच्याकडं पूर येत नाही, तुंबतं.
धरलंय, म्हणाला. पान उलटून परत बघून म्हणाला.
आणि माग?
"माग घरात येत नाही, वहिनी.
तो धंदा. त्याची पॉलिसी दुसरी."

बाराची खोली, त्यातली आठ फूट मागानं खाल्लेली.
त्याच्या खडखडाटात पोरगी झोपते,
बंद पडला की दचकून उठते.
आणि तो घरात येत नाही!
साक्ष दिली त्यानं,
यादीत तोच नाही.

सही मी केली, घर माझ्या नावावर आहे:
राजमणी नरसय्या गाजूल.
दुसऱ्या पॉलिसीचा फॉर्म
मल्लिनाथ सोमवारी आणणार आहे.

संध्याकाळी नवऱ्यानं न बोलता विटा आणल्या.
मोटर उचलली, खाली थर लावले,
रेघेच्या वर वीतभर.
मी बॅटरी धरून उभी होते.
तेवढ्यात पोरगी म्हणाली,
"उद्या पाणी येणारे."

आम्ही दोघांनी एकदम मागं बघितलं.

"नळाला," ती म्हणाली.