बोल्ट उघडा

होटगीच्या माळावर, ऊन चढायच्या आत,
नरसय्या गुंडेटी आधी माझी करंगळी मागतात:
"घाल आत. बघ रिकामंय का.
नुसत्या डोळ्यावर नको जाऊ की."

बंदूक अर्धी स्वयंचलित,
म्हणजे उरलेली अर्धी आपण.

चौकटीत पाय पडेपर्यंत बोल्ट उघडा,
काडतुसं खिशात, नळी माळाकडे.
मग एक. बटण दाबताना अंगठा बाहेर.
खट्ट.
मग खालून दुसरं.

त्यांच्या अंगठ्याला वरचं पेर नाही.
मला वाटलं, बंदुकीनं.
"छे, लूमनं. साखर पेठेत, अठ्ठ्याऐंशी साली.
थांबलाय समजलो."

मातीची तबकडी उडते.
मी चुकतो, हसत मागं बघणार,
तोच पाठीवर त्यांचा आखूड अंगठा:

"वळू नको.
दुसरं आपणहून आत आलंय."