चोकची तार

परकारांच्या गॅरेजात नेली
की गाडी पहिल्याच चावीला सुरू.
डॉक्टरांसमोर पोराचा खोकला थांबावा, तशी.
हसनमियां बॉनेटवर हात ठेवून म्हणतात,
"कुमुदताई, हिला काही झालेलं नाही."
मी माझगावात परत येते, जागा मिळेल तिथे लावते,
सकाळी डबा मागच्या सीटवर ठेवून
चावी फिरवते.
टक.
एवढंच. टक.

सत्त्याऐंशी सालची पद्मिनी.
बाबांच्या मागे गाडी माझ्याकडे आली,
खोली श्रीरंगाकडे.
त्यावरून जे व्हायचं ते झालं.

कंडेन्सर बदलला. पॉइंट घासले.
टर्मिनलवरची हिरवी बुरशी कढत पाण्याने धुतली.
एका रात्री गल्लीतल्या अंधारात इंजिन चालू ठेवून
प्लगच्या वायरींवर निळी ठिणगी पळते का, पाहत बसलो.
नाही पळाली.
मांजर तेवढं पळालं, डेल्कोजवळच्या उबेतून.

शेवटी हसनमियां म्हणाले, वही घाला.
वेळ, जागा, इंजिन गार की गरम.
फालतू वाटेल तेही लिहा.

बुधवार. डॉकयार्ड रोड. गरम. सुरू.
शुक्रवार. टेकडीचा चढ, तोंड वर. टक. दिवे मात्र लख्ख.
रविवार. सपाट. सुरू.
      श्रीरंगाचा फोन. "गाडी काय म्हणते?" तेवढंच विचारून ठेवला.
सोमवार. चढ. टक टक टक. चोकच्या मुठीचा हाताला चटका.

त्यांचं काळं बोट वहीवरून सरकत गेलं,
रविवारवर थांबलं नाही,
चटक्यावर थांबलं.

"चोकला कशाला चटका?"
पोतं अंथरून ते गाडीखाली गेले.
खालून आवाज आला, बादलीत बोलल्यासारखा:
इंजिनाकडून बॉडीकडे येणारी विणलेली पट्टी,
वरून धडधाकट,
आत चार तारा उरलेल्या.
चढावर इंजिन मागे रेलतं, त्या चारही सुटतात.
"मग करंट काय करणार, ताई?
त्याला परत तर जायचंच असतं.
मोठा रस्ता तुटला
की घुसतो चोकच्या तारेत.
ती बिचारी एवढीशी. तापते."

बाहेर येऊन हात पुसत म्हणाले,
"अर्थ लागत नव्हता."
विनोद म्हणून नव्हे.
गॅरेजात असंच म्हणतात.

नवी पट्टी दीडशेला. बोल्ट जुनाच,
पॉलिशपेपरने चकचकीत केलेला.
मी मुद्दाम टेकडीवर नेली, तोंड वर करून लावली.
चावी. सुरू.
बंद केली. पुन्हा सुरू.
मग चोकची मूठ धरून बसले थोडा वेळ.
गार होती.

रविवारी फोन वाजला.
"गाडी काय म्हणते?"

अडते रे अजून, म्हटलं,
मधूनमधून.
चढावर.