आयत्या वेळचे विषय

महिन्याचा दुसरा मंगळवार, सकाळचे नऊ.
कोर्टहाउसचा बॉयलर ऑक्टोबरपासून खोकतोय.
त्याच्या दुरुस्तीची निविदा विषय क्रमांक चार,
तोवर सगळे कोट घालूनच बसतो:
तीन कमिशनर,
अर्ध्या पगाराचे वकील, उरलेल्या वेळात लोकांची मृत्युपत्रं लिहिणारे,
आणि मी, अर्व्हेला निस्ट्रॉम, काउंटी क्लार्क,
एकतीस वर्षं इतिवृत्त लिहितेय.

सूचक कोण, अनुमोदक कोण,
बाजूने किती, विरोधात किती.
गप्प बसणं इतिवृत्तात येत नाही.
कुणी खुर्ची मागे सरकवली, तेही नाही.

विषय सहा. रस्ता क्रमांक एकोणीस कायमचा बंद करणे.
सव्वातीन मैल खडी, शेवटी लाकडी पूल,
पुलापलीकडे एकच घर.
मागच्या हंगामात बीट भरलेला ट्रक
कठड्यासकट ओढ्यात उतरला.
ड्रायव्हर वाचला. त्याने वकील केला.
"रस्ता आपला तर पूल आपला," आमचे वकील म्हणाले,
"पूल आपला तर मोडलेली कंबर आपली."
नवा पूल नऊ लाख डॉलर.
एवढ्यात आम्ही सगळ्या काउंटीचे खड्डे
दोन वर्षं बुजवतो.

हरकती?

ऑरिन ट्वेट उठले. वय एक्याऐंशी, टोपी हातात.
"हरकत नाही," म्हणाले.
माझं पेन अडलं.
हरकतींच्या रकान्यात 'हरकत नाही' कसं लिहितात?
"फक्त विचारायचं होतं, जमीन आता कुणाकडे जाते."

मी तळघरात उतरले.
पुस्तक बारा, पान दोनशे चार, शाई चहासारखी झालेली.
हाल्वर ट्वेट यांजकडून सहासष्ट फूट रुंदीचा पट्टा,
मोबदला एक डॉलर,
'जोवर माणसं या वाटेने येतील तोवर.'
बाकी सगळा दस्त कारकुनाचा,
हे एवढं त्याने स्वतः सांगून लिहवून घेतलं असणार.

वर येऊन वाचलं.
वकिलांनी चष्मा पुसला. "म्हणजे जमीन परत तुमची."
"अभिनंदन," कमिशनर प्रिब्नो म्हणाले, मनापासूनच म्हणाले.
मागच्या रांगेतून असेसरने हात वर केला:
सव्वीस एकर, एकरी चार,
वर्षाचा कर एकशे चार डॉलर.

"आणि पूल?" ऑरिननी विचारलं.

कॉफीच्या भांड्याचा दिवा लाल होता, हिरवा झाला.

"पूलही," वकील म्हणाले.

दोन विरुद्ध एक. जोलीन हॉजचं मत विरोधात,
कारण नोंदवलेलं नाही.

आयत्या वेळचे विषय.
ट्वेट पुन्हा उठले. रस्त्याच्या तोंडाशी हिरवी पाटी आहे,
एकोणीस नंबरची, ती मिळेल का?
पाटी काउंटीची मालमत्ता.
कायद्याने भेट देता येत नाही, लिलाव करावा लागतो,
लिलावाची जाहिरात पाटीपेक्षा महाग.
"मग राहू दे तिथेच," ते म्हणाले.
पण तिथे, वकील हळूच म्हणाले, आता जमीन तुमची आहे,
पाटी तिथे ठेवायची तर काउंटीला तुमची परवानगी लागेल.
प्रिब्नोंनी मान खाजवली.
विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब.
ऑरिन ट्वेट हसले.
दोन तासांत पहिल्यांदा कुणीतरी हसलं,
तेही मी लिहिलं नाही.

सभा संपली, अकरा वाजून दहा मिनिटं.

दुपारी बर्फ सुरू झाला,
खिडकीतून बँकेचं घड्याळही दिसेना.
रस्ते खात्याच्या लायलचा फोन:
एकोणीसवर नांगर पाठवू की नको?
ठराव मंजूर झालाय ना?

मी फाइल उघडली, जरी पाठ होतं.
अंमल तीस दिवसांनी, म्हटलं.
पुलाच्या अलीकडून वळव.
आणि वळताना, लायल, हॉर्न वाजव.