थाळी दिसेनाशी होते तिथे

तुओवी आज चष्मा विसरून आलीय.
बाटली नाकाशी धरून
मागची मुंगीएवढी अक्षरं वाचते,
आणि मी गल्ल्यावरून तिला बघते.

फळीवर पाच बाटल्या, पाचही हिरव्या.
एकीवर पान. एकीवर थेंब.
एकीवर नुसताच शब्द, ‘निसर्ग’,
नाव घेतलं की पुण्य लागतं तसा.
एकीवर हंस.
हंसाचं त्यातल्या त्यात बरं,
कुणीतरी तपासून मारलेला शिक्का आहे तो.
दीड युरो जास्त.

खालच्या फळीवर निळी. झोंबणाऱ्या वासाची, सवलतीतली.
शुक्रवारी एकोणचाळीस गेल्या.
सगळ्या माझ्याच हातून.

तुओवीला धुवायचीय सतरंजी,
सासूनं मागावर विणलेली, घरातल्याच चिंध्यांची:
ओस्मोचा शर्ट, स्वयंपाकघराचे पडदे,
आणि एक पिवळा फ्रॉक
जो कुणाचा, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही.

पूर्वी जूनमध्ये
तळ्याच्या धक्क्यावर बायकांची रांग लागायची.
गुडघे टेकलेले, बाह्या वर,
डब्यातून बोटांनी काढायचा पाइनचा साबण,
मधासारखा, तसाच चिकट.
खसाखसा ब्रश, थर्मासातली कॉफी,
कुणाचा मुलगा कुणाबरोबर.
फेस जायचा पाण्यावरून, बदकं बाजूला व्हायची.
लेम्पी म्हणायची, झाडाचाच साबण,
झाडाखालचंच पाणी. बिघडतं कुठे?

मग शाळेतली सिल्या होडी घेऊन गेली,
दोरीला बांधून सोडली एक पांढरी थाळी.
दिसतेय? दिसतेय.
आता? दिसतेय.
आता?
एक मीटर ऐंशी.
तिच्या बापाच्या वहीत, एकोणसत्तर सालच्या ऑगस्टात,
चार मीटर दहा.

एकट्या सतरंज्यांचा दोष नाही, सिल्या म्हणाली,
शेतांचं खत आहे, उन्हाळी घरांचे संडास आहेत.
सगळ्यांनी मान डोलावली,
आणि प्रत्येकीनं आपापल्या वाट्याचा फेस
मनातल्या मनात वजा केला.

पुढच्या वर्षी धुण्याची जागा काठावर आली,
सिमेंटची, खाली गटार, गटाराला नळ.
लेम्पी दोन उन्हाळे फिरकली नाही.
तळ्याकडे पाठ करून कसली धुणी, म्हणाली.

‘हे पाम तेल कुठलं?’ तुओवी विचारते.
एतू बाटली उलटी करतो, पुन्हा सुलटी.
लिहिलेलं नाही.
‘म्हणजे इथलं तळं वाचवायला
कुठलंतरी जंगल गेलं असेल की नाही,
हे तुला माहीत नाही.’
‘कंपनीला विचारतो,’ तो म्हणतो.
त्यानं विचारलं नाही. मीही आठवण केली नाही.

तिनं हंसाची घेतली, सगळ्यात लहान.
नाणी मोजून दिली.
‘अर्धं झाकण पुरतं,’ म्हणाली, ‘फेस म्हणजे स्वच्छता नव्हे.
आणि खरं तर बर्फ पडला
की हेही लागत नाही.’

कोरडा बर्फ हवा त्याला. उणे दहा तरी.
सतरंजी पालथी घालायची, बडवायची,
ब्रशानं बर्फ चोळून झटकायचा.
बाटली नाही, पान नाही, हंस नाही.

पण यंदा डिसेंबर संपला तरी रिपरिपच.
सतरंजी गुंडाळून दारामागे उभी,
वेळेआधी येऊन
कोट न काढलेल्या पाहुण्यासारखी.

एकोणीस जानेवारीला पडला एकदाचा.
पहाटे कामावर जाताना पाहिलं,
तिच्या अंगणात, पांढऱ्यावर,
करड्या मळाचा लांबट चौकोन,
सतरंजीएवढाच, काठाला फिकट पट्टे.
शेजारी ती, नाक लाल, हातात ब्रश.

मी म्हटलं, जमलं की.
‘हो,’ ती म्हणाली,
‘पण हा डाग मार्चमध्ये वितळला की उतार तळ्याकडेच आहे.’
आणि पुन्हा वाकली,
दुसरी बाजू राहिली होती.