नियम अकरावा

पहाटे पाचला फाटक उघडतं.
समुद्रावरून वारा येतो, त्याला कुणी दाखला विचारत नाही.
बाकी सगळ्यांना विचारायचा, ते माझं काम.

दोन्ही कानांत बिल्ले, दोन्हींवर एकच आकडा.
शेजारच्या बेटावरून आली असेल तर फेरीबोटीची पावती,
कुठून निघाली, कधी निघाली, खाडाखोड चालणार नाही.
मेंढीचा खूर उचलून फटीत बघायचं,
मग नाकपुड्या, हिरड्या, जिभेखाली.
ओठाच्या कडेला खपली दिसली की गाडी वळवा.
बूट जंतुनाशकात बुडवा. परीक्षक असलात तरी बुडवा.

तेवीस वर्षं म्हणतोय हे.
झोपेतसुद्धा म्हणतो, जेसी सांगते,
एकदा तिच्याच हिरड्या बघायला निघालो होतो म्हणे.

यातले निम्मे नियम माझे.
दक्षिणेकडे लाळ्या-खुरकूत आली त्या साली
आमच्याकडे एक जनावर आजारी नव्हतं,
तरी मैदान रिकामं राहिलं,
चांदीचे पेले कपाटात काळे पडले.
त्या हिवाळ्यात शाळेच्या वर्गात आम्ही सातजण
पोरांच्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीपाशी,
लिहीत बसलो.
अकरावा मी सांगितला:
केस गेलेला गोल चट्टा, बरा होत आलेला असला तरी, प्रवेश नाही.
रंग, काजळी, पॉलिश लावून लपवल्यास तीन वर्षं बंदी.
थोरफिन लिंकलेटर म्हणाला, तीन जास्त होतात.
मी म्हणालो, तीनच.

आज सव्वासातला सत्तावीस नंबरची ट्रॉली.
इंगा ड्रीव्हर, वय अकरा.
माझ्या मुलीची मुलगी, पण फाटकावर नुसती सत्तावीस.
सोबत काळी कालवड, पीरी.
पीरी म्हणजे आमच्या बोलीत चिमुकली,
आता साडेतीनशे किलोची चिमुकली.
शेपूट धुऊन विंचरलेलं, खुरांना तेल,
कागद चोख.
हिवाळाभर दगडी भिंतीच्या आडोशाने
तिला चालायला शिकवलं होतं पोरीने,
मान वर, थांबलं की चारी पाय चौकोनात.

सवयीने हात फिरवला, केसांच्या उलट.
डाव्या खांद्यामागे अंगठा अडखळला.
जुन्या शिलिंगएवढी खरखर.
अंगठा वर करून पाहिला, काळा.
वास ओळखीचा.
डबा माझाच, रविवारच्या बुटांचा.

इंगा माझ्याकडे बघत नव्हती.
अंगठ्याकडे बघत होती.

मागे नऊ गाड्या, इंजिनं चालू.

"बरं होतंय ते, आजोबा. केस यायला लागलेत, बघ ना."
बघितलं. होती. पॉलिशखाली मऊ लव.

*बरा होत आलेला असला तरी.*
हे शब्द मी उगीच घातले नव्हते.
असाच एक बरा होत आलेला वळू
माझ्या गोठ्यात सोळा वासरांना चट्टे देऊन गेला,
आणि सतरावा इंगाच्या आईच्या मानेवर.
शाळेच्या फोटोत तिने केस पुढे ओढलेत
ते त्यासाठी.
हे इंगाला कधी सांगितलं नव्हतं.
आत्ताही नाही सांगितलं, रांग होती.

फॉर्मवर लिहिलं: परत. नियम ११.
खाली आणखी एक रकाना,
लपवण्याचा प्रयत्न: होय / नाही.
पेन तिथे इतकं टेकून राहिलं
की शाईचा थेंब पसरला, आणि मग
'होय' भोवती गोल काढला.
अकरा आणि तीन, चौदा.
चौदाव्या वर्षी पोरं कुठे गायी घेऊन येतात.

ती रडली नाही.
पीरीची दोरी हातावर दोनदा गुंडाळली,
पायाने बादली माझ्याकडे सरकवली.
"हात धू आधी," म्हणाली, "तुलाही होईल."

धुतला. नखाखाली राहिलंच थोडं.

अठ्ठावीस नंबर पुढे आला.
मी म्हणालो, कागद.