एक चव

तीस वर्षं मी लोकांचे तराजू तपासले.
जालन्याच्या मोंढ्यात, भोकरदनच्या आठवडी बाजारात
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
नखानं ओळखायचो.
निवृत्त झालो तशी भाचीनं तिकीट धाडलं:
मामा, इथं चौफेर पाणी आहे, बघून तरी जा.

मुहर्रकच्या गल्ल्या एकमेकींच्या कानाला लागलेल्या.
भिंतींचा दगड समुद्रातूनच काढलेला,
हात फिरवला तर तळव्याला शिंपल्याची धार,
तोच हात ओठाला लागला तर मीठ.
भाची म्हणाली, मामा, भिंत चाखू नका,
जेवायला बोलावलंय आपल्याला.

दारात मरझूक.
वय माझ्याएवढं, गुडघे माझ्याहून वाईट,
हिंदी मोडकी, पण हसणं अस्खलित.
त्यांनी लाल फडक्यातून एक डबी काढली.
डबीत पितळी तराजू, दोन रुपयाएवढी पारडी,
अकीकाची वजनं, मसूर-वाटाण्यासारखी.
बोट वर करून म्हणाले, चौ.
मोत्याचं मोल चौवर ठरायचं.

मी म्हटलं, आमचे जुने सराफ चव म्हणायचे.
चौ, ते म्हणाले.
चव, मी म्हटलं.
मधे एक शब्द गलबतात बसून
जाऊन-येऊन राहिलेला.

मग सवयीनं मी दोरी चिमटीत धरली.
मोती नव्हताच, रिकामीच पारडी,
तरी डावं खाली गेलं.
केसभरच. पण केसभरावर मी
माणसांचे परवाने रद्द केलेत.
सांगावं की नाही?
पाहुण्यानं घरातल्या वस्तूला खोट काढू नये.
सांगितलं.

माहीत आहे, मरझूक म्हणाले.
हा तराजू सावकाराचा.
आजोबा पाणबुडे. नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा,
पायाला धोंडा, कमरेला दोर,
दिवसाला पन्नास बुड्या, आणि वर आले की हा तराजू.
सावकाराचं दुकान मोडलं तेव्हा
वडिलांनी लिलावात घेतला, पैसे देऊन.
कशाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.
आम्हीही दुरुस्त केला नाही.

आतून शरीफांनी हाक मारली, त्यांच्या थोरल्या बहिणीनं.
परातीत तांबूस भात,
खजुराच्या काकवीत शिजलेला, केशर, वेलची,
आणि त्यावर तळलेले साफी मासे, डोळ्यांसकट.
साखरभात आणि मासा!
आमच्याकडे असं पान वाढलं
तर ठरलेली सोयरीक मोडेल.

दिवसभर खजूर नि कॉफीवर बुड्या मारणाऱ्यांना
रात्री हे लागायचं, शरीफा म्हणाल्या,
गोड अंगाला, मासा जिभेला.
भाची भाषांतर करत होती आणि
तोंडात घास असल्यानं निम्मं गाळत होती.
त्या म्हणाल्या, समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते,
पाणबुडे बुडी मारून पखाली भरून आणायचे.
मी दोनदा विचारलं. खारट पाण्याच्या तळाशी?
गोडं?
टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस मी,
मला हे पटायला वेळ लागला.
तेवढ्यात घास गिळला.
आधी काकवी आली, मग मीठ,
मग काळ्या वाळवलेल्या लिंबाचा कडवटपणा,
मग एक काटा.

दुसऱ्यांदा वाढताना शरीफांनी डाव मोजला नाही.
बोटांनीच भात सारला माझ्याकडे.
किती चव झाले असतील, मी मनात हिशोब घातला,
आणि माझा मलाच राग आला.

मग कॉफी आली, फिक्या सोन्याच्या रंगाची,
कान नसलेल्या इवल्या पेल्यात.
पेला रिकामा झाला की त्या पुन्हा भरत.
तिसरा, पाचवा, सातवा.
पुरे झालं तर पेला हलवायचा असतो
हे भाचीला माहीत होतं.
ती खिडकीतून बाहेर बघत हसत होती.
मरझूक डबी फडक्यात बांधत होते,
गाठ सुटत होती, ते पुन्हा बांधत होते,
आणि मी आठवा पेला पुढं धरला.